'काहीच बिघडलं नाही' याचे पैसे कसे मागायचे?



गेल्या महिन्यात माजलगावहून एका पोराचा फोन आला. पुण्यात एका कंपनीच्या आयटी विभागात चार वर्षं काम केलेलं. वडिलांच्या तब्येतीमुळं गावाकडं परत आला आणि इथंच कॉम्प्युटर मेंटेनन्सचं काम सुरू केलं. दोन पतसंस्था, एक जिनिंग, एक दवाखाना, दोन शाळा, बाकी आडत दुकानं आणि कृषी सेवा केंद्रं, असे चौदा ग्राहक त्यानं वार्षिक करारावर, म्हणजे एएमसीवर जोडले. पहिलं वर्ष संपलं. करार पुढं चालू ठेवायला मोंढ्यातल्या एका शेठकडं गेला, तर शेठ म्हणाले, "वर्षभर तर काहीच बिघडलं नाही. मग पैसे कशाचे?"

पोरगं गप्प झालं. कारण आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका ग्राहकाकडं सर्व्हर बंद पडला होता आणि तिथं त्याला ऐकावं लागलं होतं, "हे असं बंद पडतंय, मग तू करतोस काय?"

बिघडलं तरी शिव्या, नाही बिघडलं तरी पैसे नाहीत. सर, धंदा करायचा कसा?

मित्रांनो, हे गाऱ्हाणं फक्त माजलगावचं नाही. जगभरात जिथं दोन सिस्टिम ॲडमिन चहाला भेटतात, तिथं हाच विषय निघतो. सिस्टिम ॲडमिन म्हणजे कंपनीतले कॉम्प्युटर, सर्व्हर, नेटवर्क, ईमेल आणि पासवर्ड हे सगळं चालू ठेवणारा माणूस. सगळं चालू असेल तर हा माणूस कुणाला दिसत नाही. शिकागोच्या टेड केकाटॉस नावाच्या एका ॲडमिननं २००० साली यावर गमतीशीर तोड काढली. जुलैचा शेवटचा शुक्रवार हा 'सिस्टिम ॲडमिनचे आभार मानायचा दिवस' म्हणून सुरू केला. तो अजूनही पाळतात. आपल्याकडं आभार सोडा, पदाचं नावही नाही. आपल्याकडं तो 'कॉम्प्युटरवाला पोरगा'.

पण बीड जिल्ह्यात या पोराला काम भरपूर आहे, आणि ते धंदा म्हणून नीट मांडणारे फार कमी आहेत. म्हणून आज जरा खोलात जाऊ.

आधी हिशेब

समजा, चौदा ग्राहक आणि प्रत्येकाकडून महिन्याला सरासरी पंधराशे रुपये. झाले एकवीस हजार. आता प्रत्येक ग्राहकानं महिन्यात तीनदा बोलावलं तर बेचाळीस चकरा. पेट्रोल, दुपारचं जेवण, "जरा मोबाईलचं पण बघ ना" म्हणून गेलेला अर्धा तास, हे सगळं वजा करा. हातात काय राहतं ते तुम्हीच बघा. आपला जिल्हा काही छोटा नाही. एका टोकाला आष्टी, दुसऱ्या टोकाला परळी. एका दिवसात दोन्हीकडचे फोन आले की संपला दिवस.

आता हेच उलटं करा. महिन्यात एकच ठरलेली फेरी, आणि मध्ये फोन नाही. तेच एकवीस हजार, चौदा चकरा. म्हणजे एएमसीवाल्याचा नफा न झालेल्या चकरांमध्ये आहे. दर कॉलला पैसे घेणारा मेकॅनिक बिघाडावर जगतो. करारावर काम करणारा मात्र बिघाड झाला की तोट्यात जातो. शेठच्या डोक्यात पहिला माणूस बसलेला आहे आणि आपण दुसरे आहोत, हे त्याला आपण कधी सांगितलेलंच नसतं.

वीज, धूळ आणि रेंज

पुण्या-मुंबईच्या ॲडमिनला इमारतीची वीज, एसी आणि जनरेटर आयते मिळतात. आपली सुरुवातच तिथून होते.

जिनिंगमध्ये कापसाची पिंजण इतकी उडते की दोन महिन्यांत सीपीयूचा पंखा गच्च होतो. मग मशीन तापतं, हळू चालतं, आणि ऑपरेटर म्हणतो "व्हायरस आलाय". ब्लोअर मारला की व्हायरस गेला! वीज जाते तेव्हा फारसं बिघडत नाही, ती परत येते तेव्हाच्या झटक्यात बिघडतं. यूपीएस आहे म्हणतात, पण त्याची बॅटरी चार वर्षांपूर्वीची असते आणि लाईट गेली की तीस सेकंदांत राम म्हणते. वर त्याच यूपीएसवर लेझर प्रिंटर लावलेला. लेझर प्रिंटर गरम होताना एकदम जादा करंट ओढतो, तो यूपीएसवर कधीच लावायचा नाही. हे एवढं एक वाक्य ग्राहकाला पहिल्या दिवशी सांगा.

अर्थिंगचं तर बोलूच नका. सोबत मल्टिमीटर ठेवा आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर सतत दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. नाही तर पोर्ट आणि मदरबोर्ड जळत राहतात आणि बोलणी तुम्ही खाता.

रेंजची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत, इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होते, पुढं डिझाईन टेम्प्लेट ही कंपनी काढली, शार्क टँकमध्ये गेले. सगळे त्यांची जिद्द सांगतात. मला त्यातला एक बारीक तपशील आवडतो. लॉकडाऊनमध्ये गावी आल्यावर नेट मिळेना, तेव्हा त्यांनी जिथं रेंज येते त्या डोंगरावरच्या गोठ्यात काम मांडलं. कामाची जागा रेंजनं ठरवली! तुमच्या ग्राहकाला गोठ्यात जाता येणार नाही. म्हणून फायबरसोबत दुसऱ्या कंपनीचं सिम लावलेला राउटर ठेवायचा. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली तरी दवाखान्याचं बिलिंग चालू राहतं.

बॅकअप आहे, असं सगळेच म्हणतात

या विषयाला जरा जास्त वेळ देणार आहे, कारण ग्राहक सगळ्यात जास्त फसतो तो इथंच.

कुठल्याही दुकानात विचारा, "बॅकअप आहे का?" उत्तर येतं, "आहे ना, डी ड्राईव्हला." अहो, सी आणि डी ही बहुतेक वेळा एकाच हार्ड डिस्कची दोन खोकी असतात. डिस्क गेली की दोन्ही गेली. दुसरं उत्तर, "पेन ड्राईव्हला घेतो." पेन ड्राईव्ह कुठंय? तर कायम मशीनला लावलेला. रॅन्समवेअर, म्हणजे तुमच्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस आला, तर तो लावलेल्या पेन ड्राईव्हलाही कुलूप घालतो.

हे खेड्यातच होतं असं समजू नका. आपल्या उद्योजकांना जागा देणारी एमआयडीसी घ्या. २१ मार्च २०२१, रविवार, पहाटे अडीचच्या सुमारास त्यांच्या सिस्टिम बंद पडल्याचे अलर्ट आले. दिवसभरात कळलं की रॅन्समवेअर आहे. क्लाउडवरचे सर्व्हर, स्थानिक सर्व्हर आणि ठिकठिकाणच्या कार्यालयांतले काही कॉम्प्युटर त्याच्या तडाख्यात सापडले. खंडणीच्या आकड्यावर बातम्या खूप आल्या, पण एमआयडीसीनं सांगितलं की चिठ्ठीत रक्कम लिहिलेलीच नव्हती. माझ्या दृष्टीनं महत्त्वाची ओळ त्यांच्या निवेदनात वेगळीच होती: बॅकअपच्या फायली नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या होत्या, त्यामुळं त्या वाचल्या. बॅकअप असून भागत नाही, तो मूळ मशीनपासून तुटलेला असावा लागतो. जगभर यासाठी ३-२-१ असा सोपा हिशेब वापरतात. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आडत दुकानात याचा अर्थ असा: एक प्रत मशीनवर, एक रोज लावून लगेच काढायच्या एक्स्टर्नल डिस्कवर, एक शेठच्या घरी किंवा क्लाउडवर.

आता याहून भारी गोष्ट. गिटलॅब ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरापर्यंत काम करताना त्यांच्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा उडाला होता. हरकत नाही, बॅकअप आहे! एक सोडून पाच प्रकारची सोय होती. एकेक करून बघायला लागले, तर एकही धड चालेना. एका प्रकारात सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नव्हती, म्हणून बॅकअप मुळात तयारच होत नव्हता. ते फेल झाल्याचे ईमेल जात होते, पण ईमेलच्या सेटिंगमुळं तेही अडवले जात होते. म्हणजे सगळं हिरवंगार वाटत होतं. शेवटी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली, तिच्यावर निभावलं. सहा तासांचं काम गेलं ते गेलंच. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाईव्ह दाखवलं आणि काय चुकलं ते सविस्तर लिहून जाहीर केलं.

म्हणून माजलगावच्या त्या पोराला मी पहिला प्रश्न विचारला, "बॅकअप घेतोस का?" तो म्हणाला, "घेतो सर, रोज." दुसरा प्रश्न, "परत चढवून कधी बघितलास?" फोनवर पाच सेकंद शांतता.

इथं धंदा आहे, मित्रांनो. तीन महिन्यांतून एकदा ग्राहकाच्या डोळ्यांदेखत बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर चढवा. टॅली उघडा. कालच्या तारखेचं शेवटचं बिल काढून दाखवा. शेठला 'बॅकअप' शब्द कळत नसेल, पण स्वतःचं कालचं बिल दुसऱ्याच मशीनवर दिसलं की बरोबर कळतं. किती मिनिटं लागली ते कागदावर लिहा आणि सही घ्या.

किल्ल्या कुणाच्या खिशात?

माझंच सांगतो. माझ्या पहिल्या वेबसाइटचं डोमेन एका डेव्हलपरनं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून घेतलं होतं. मी काही विचारलं नाही, मला त्यातलं कळतच नव्हतं. दोन वर्षांनी मुदत संपली, माणसाचा नंबर बदललेला, आणि ज्या नावानं व्हिजिटिंग कार्ड छापलेली ते नाव हातातून गेलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. फक्त किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

तुमच्या ग्राहकाकडं जाऊन विचारा. दुकानाच्या जीमेलला रिकव्हरी नंबर कुणाचा? निम्म्या ठिकाणी आधीच्या कॉम्प्युटरवाल्याचा निघेल. सीसीटीव्हीचा पासवर्ड? 'बसवणाऱ्याला माहीत.' राउटरचा? 'ॲडमिन-ॲडमिन.' टॅलीचं लायसन कुठल्या ईमेलवर? माहीत नाही. करार झाल्यावर पहिल्या भेटीत हे सगळं मालकाच्या नावावर आणा, एका वहीत लिहा, आणि ती वही तिजोरीत मालकाकडं द्या. हो, मालकाकडं. बरीच पोरं म्हणतात, "सर, मग तो मला सोडून दुसऱ्याकडं जाईल की!" जाईल कदाचित. पण पासवर्ड अडवून ग्राहक टिकवणं याला मी धंदा म्हणत नाही.

वही कागदाची का, तेही सांगतो. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चुकीचं अपडेट तासा-दीड तासात मागं घेतलं, पण अडकलेली बरीच मशीन माणसानं एकेक करून सेफ मोडमध्ये जाऊन सुरू करायची होती. ज्यांच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं त्यांना आधी त्याची लांबलचक रिकव्हरी की टाकावी लागत होती. आता ती की जर बंद पडलेल्या सर्व्हरमध्येच ठेवलेली असेल तर?

तो दिवस शुक्रवार होता. ॲडमिन लोकांत जुना नियम आहे, शुक्रवारी कुठलाही बदल करायचा नाही, नाही तर शनिवार-रविवार गेला. आपल्याकडं दुकानं शनिवारीही चालू, त्यामुळं हा नियम आपल्या तारखांना बसवा. जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आधी टॅलीला हात लावायचा नाही. ३१ मार्चच्या आठवड्यात पतसंस्थेत नवीन काही बसवायचं नाही. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगचा काटा आणि त्याचा कॉम्प्युटर आहे तसा राहू द्यायचा. शाळेत प्रवेश आणि परीक्षा अर्जांचे दिवस सोडायचे. या तारखा करारातच लिहा.

आणि कधी कधी चूक तुमचीही नसते, ग्राहकाचीही नसते. त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ जुलै २०२४ ला, सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्यावर एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं बाजूला केलं. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देते, त्यामुळं देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांची यूपीआय आणि एटीएम सेवा अडकली. दुसऱ्या दिवशी ती परत सुरू झाली. अशा दिवशी शाखेतला साहेब फोन तुम्हालाच करणार. "माझ्याकडून नाही" एवढं म्हणून फोन ठेवू नका. अडचण कुठं आहे, कुणाच्या हातात आहे, तोवर काउंटरवर काय करायचं, हे तीन वाक्यांत सांगा. लोक बिघाड विसरतात. त्या दिवशी फोन कोणी उचलला नव्हता, ते मात्र लक्षात ठेवतात.

एक कडू विषय

क्रॅक विंडोज. फुकटात ॲक्टिव्हेट करून देणारी फाईल प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याच्या पेन ड्राईव्हमध्ये असते, आणि त्या फाईलसोबत काय काय आत येतं हे कुणालाच माहीत नसतं. त्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो, यातच सगळं आलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही थांबवला, आणि जुन्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे आता ग्राहकासमोर बसून यादी करायची वेळ आहे. कुठलं मशीन बदलायचं, कुठल्याला लिनक्स चालेल, कुठलं इंटरनेटपासून तोडून फक्त बिलिंगला ठेवायचं. माझं मत स्पष्ट आहे, क्रॅक टाकून द्यायचं नाही. यामुळं सुरुवातीला ग्राहक जातात. मी खोटं सांगणार नाही, जातातच.

ॲनिडेस्कबद्दलही एक वाक्य. लांबून काम करायला ते उत्तम, चकरा वाचतात. पण याच साधनानं लोकांचे पैसे लुटले गेले आणि २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं बँकांना त्याबद्दल सावध केलं होतं. ग्राहकाला शिकवा: मी आधी माझ्या नंबरवरून फोन करीन, तरच ॲनिडेस्कचे आकडे सांगायचे. आणि पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला, मला नंतर.

मग शेठला काय सांगायचं?

त्या पोराला मी एक कागद करायला लावला. दर महिन्याला एक पान, मराठीत, ग्राहकाच्या भाषेत. 'फर्मवेअर अपडेट केलं' असं नाही लिहायचं. असं लिहायचं: "यूपीएस तपासला, लाईट गेल्यावर अठरा मिनिटं चालला. मागच्या वेळी बावीस चालला होता, दिवाळीनंतर बॅटरी बदलावी लागेल. बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर चढवून बघितला, चाळीस मिनिटांत कालचं बिल निघालं. कामावरून गेलेल्या मुनीमजींचा पासवर्ड बंद केला." खाली सही. बारा महिन्यांची बारा पानं झाली की ती फाईलच तुमच्या वतीनं बोलते.

करारात काय नाही तेही तितकंच ठळक लिहा. सुटे भाग वेगळे. शाई-टोनर वेगळं. मेलेल्या डिस्कमधून डेटा काढणं वेगळं. घरचा टीव्ही आणि भाच्याचा लॅपटॉप वेगळा. फोन आल्यावर किती वेळात उत्तर आणि किती वेळात माणूस, हे आपल्याला झेपेल तेवढंच लिहा. आष्टीच्या ग्राहकाला 'दोन तासांत हजर' लिहून देऊ नका.

वर्ष उलटून गेलं होतं, बारा पानं काही त्याच्याकडं नव्हती. मग त्यानं मोबाईलमधले कॉल आणि जुने मेसेज काढून आठवून आठवून एकच पान केलं आणि परत शेठकडं गेला. सोबत लॅपटॉप नेला. शेठच्या समोर बॅकअप चढवला. पहिल्यांदा चढला नाही! फाईल अर्धवट कॉपी झालेली होती. घाम फुटला बिचाऱ्याला. मग आदल्या दिवसाची डिस्क लावली, तिच्यावरून टॅली उघडली, परवाचं शेवटचं बिल निघालं. शेठनी चष्मा लावून रक्कम आपल्या वहीशी ताडून बघितली.

म्हणाले, "म्हणजे आज मशीन गेलं असतं तर कालचा एक दिवस गेला असता."

"हो शेठ."

"आणि तू नसतास तर?"

पोरानं उत्तर दिलं नाही, कागद पुढं सरकवला. शेठनी सही केली. दर मात्र जुनाच ठेवला, वाढवून दिला नाही. आणि तो निघताना मागून आवाज दिला, "जाता जाता तेवढा प्रिंटर बघून जा रे, कालपासून काळं ओढतोय."